हवेच्या पेटीवरचे पांघरूण

गावच्या शेतकरी सोसायटीच्या खळ्यावर एखादी वस्तू उघडी दिसली, तर ती झाकणकाकांच्या ताब्यातली नाही असे खुशाल समजावे. खळे म्हणजे वस्तीला लागून सिमेंटने बांधून काढलेले मोठे अंगण. एका टोकाला मळणीयंत्र, दुसऱ्या टोकाला वजनकाटा, मधे गहू वाळवायची मोकळी जागा आणि कडेला पत्र्याच्या छपराची कार्यालयाची खोली. या सगळ्याची देखरेख करणे हे काकांचे काम. त्यांचे खरे नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होते. बाकी सगळे त्यांना झाकणकाका म्हणत, आणि काकांनाही त्यात काही वावगे वाटत नसे.

मळणीयंत्राच्या मोटारीला गोणपाटाची टोपी, वजनकाट्याच्या आकड्यांवर खिशासारखे कापड, पट्ट्याच्या चाकांवर ताडपत्री. कार्यालयातल्या टेलिफोनलासुद्धा त्यांनी जुन्या पडद्याचा झगा करून घातला होता. शिवणकाम अर्थातच बायकोकडे. "मलाही एक शिवून घेते यातलं," ती म्हणायची, "म्हणजे तुमची नजर माझ्याकडेही वळेल." काका यावर फक्त हसत आणि पुढच्या पिशवीचे माप देत.

या सवयीला कारण होते. नोकरीच्या सुरुवातीला ऐन हंगामात भुशाची धूळ आत जाऊन एक मोटार बसली होती. मळणी अडली, वर आभाळ भरून आलेले, आणि शेतकऱ्यांनी त्या दिवशी त्यांना जे काही ऐकवले ते त्यांच्या कानातून कधी गेले नाही. तेव्हापासून धूळ ही त्यांची वैरीण झाली. नेमके सांगायचे तर यंत्रांची वैरीण. माणसाला लागलेली धूळ झटकली की जाते, असे त्यांचे मत होते.

हे मत त्यांच्या धाकट्या भावाने हळूहळू खोटे पाडत आणले. धाकटा खळ्यावरच मळणीयंत्र चालवायचा. यंत्राच्या तोंडात गव्हाच्या पेंढ्या सारायच्या, आत किती गेले आहे ते आवाजावरून ओळखायचे, यंत्र कण्हायला लागले की हात आवरता घ्यायचा. त्याच्यासारखा हात आसपासच्या कुठल्याही खळ्यावर नव्हता. हंगामात तो संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या पापण्यासुद्धा भुशाच्या रंगाच्या झालेल्या असायच्या. पूर्वी त्याचा खोकला हंगामाबरोबर यायचा आणि हंगामाबरोबर जायचा. मग तो मागे रेंगाळू लागला. त्या वर्षी तर पेरणी झाली, पीक गुडघ्याला लागले, तरी खोकला मुक्कामालाच होता.

दोघे भाऊ डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकले आणि कानातली नळी गळ्यात टाकत म्हणाले, "छातीत धूळ बसलीय. एक तर तुम्ही मशीन सोडा, नाहीतर मशीनने धूळ सोडायची बंद करायला हवी."

"मशीन धूळ सोडायचं कसं थांबणार?" धाकट्याने विचारले.

"मग तुम्ही मशीन सोडा."

परतताना धाकटा एवढेच म्हणाला, "दादा, मला दुसरं काय येतं?" मशीन सोडलेला धाकटा काकांना डोळ्यांसमोर आणताच येईना. त्यांनी सायकलची दिशा बदलून त्याला चहा पाजला.

त्याच सुमाराला खळ्यावर हवेची पेटी आली. हवा तपासणी कार्यालयाच्या माणसांनी कार्यालयाच्या खोलीशेजारी एक खांब रोवला आणि त्यावर पांढरी पत्र्याची पेटी बसवली. पेटीच्या डोक्यावर छत्रीसारखी टोपी असलेली नळी होती आणि पुढे ती चालू असल्याचा दिवा. वर्षभर इथली हवा मोजली जाणार होती. ते काम ज्यांच्याकडे होते त्या तपासनीस मॅडमनी खळ्यावर बैठक घेऊन सगळे नीट समजावून सांगितले. ज्या खळ्याची हवा चांगली निघेल त्याला काही बंधन नाही. जिथली वाईट निघेल तिथे उरलेला भुसा पेटवायला बंदी, वारा घरांच्या दिशेला असेल तेव्हा मळणी बंद. पण अशा खळ्याला सरकार धूळ ओढून घेणारे यंत्र देईल, ते मळणीयंत्राला जोडायचे. जाताना त्या काकांना म्हणाल्या, "पेटीवर लक्ष असू द्या, काका." काकांनी मान डोलावली.

मॅडमची गाडी वळणाआड गेली आणि कार्यालयाच्या खोलीबाहेरच्या बाकावर खरी बैठक सुरू झाली.

"आधी पाणी मोजलं, मग खत मोजलं, आता हवा," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "उद्या जांभई दिली तरी पावती फाडतील."

"तू जांभई देत असतोस तेव्हा काम करत नसतोस," मळेवाली मावशी म्हणाली. "त्याची पावती तुझ्या बापानेच फाडायला हवी होती." मावशीचा भाजीचा मळा आणि घर खळ्याच्या कुंपणाला लागून होते, आणि ती सोसायटीची सभासदही होती.

सोसायटीच्या अध्यक्षांना विनोदात रस नव्हता. "मोठ्या रस्त्यावरून दिवसभर ट्रक धूर ओकत जातात. पलीकडे वीटभट्ट्या आहेत. तिथे कुणाला पेटी लावावीशी वाटली नाही. शेतकरी हंगामापुरती धूळ उडवतो, तर लगेच त्याच्या दारात खांब. शहरात बसून नियम करायचे आणि गहू मात्र धुळीशिवाय हवा."

"माझं धुणं हंगामभर घरात वाळतं," मावशी म्हणाली. "ते काही ट्रकमुळे नाही."

"मग आम्ही मळणी कुठे करायची, तुझ्या स्वयंपाकघरात?"

"मळणी बंद करा असं कोण म्हणालं? धूळ बंद करा म्हणतेय. ते यंत्र फुकट देतायत तर घ्या की."

"यंत्र एकदा येईल आणि बंधन कायमचं येईल," अध्यक्ष म्हणाले. "आज भुसा पेटवू नका म्हणतील, उद्या गहू पेरू नका म्हणतील. आपली हवा चांगली निघालेली बरी."

यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. भुसा हलवायचा तर गाडी लागते, माणसे लागतात. पेटवला की जागा मोकळी. आणि पीक कापून पडलेले असताना वाऱ्याची दिशा बघत हातावर हात ठेवून बसणे कुणाला परवडणार? काकांनी दोन्ही बाजू ऐकल्या. त्यांच्या मनात एकच गोष्ट पक्की झाली होती. डॉक्टर म्हणाले तसे मशीनने धूळ सोडायची बंद करता येत होती. हवा वाईट निघाली की ते यंत्र येणार आणि धाकटा जिथे होता तिथेच राहणार. आणि हवा वाईट निघणार यात शंकाच नव्हती, नुसते धाकट्याच्या पापण्यांकडे बघावे.

आता सगळी भिस्त त्या पेटीवर. पेटी बिघडली तर मोजणी वाया, आणि मोजणी वाया गेली तर धाकट्याचे यंत्रही गेले. काका तिच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघू लागले. पक्ष्यांना तिच्यावर बसू देत नसत. खांबाला कुणी बैल बांधला तर सोडून दुसरीकडे नेऊन बांधत. आणि हंगाम तोंडावर आला तसे त्यांनी पेटीचे माप घेतले.

बायकोने जाड पांढऱ्या कापडाची, दुहेरी शिवणीची पिशवी शिवून दिली. मळणी सुरू व्हायच्या आधी काका शिडी लावून वर चढत, पेटीला नळीसकट ती पिशवी घालत आणि संध्याकाळी यंत्र थांबून धूळ खाली बसली की काढून घेत. पिशवीचा तळ त्यांनी मुद्दाम मोकळा ठेवला होता, पेटीला श्वास घेता यावा म्हणून. पेटी हवा मोजते, आणि हवा काय, खालूनही जाते. धूळ आत जाऊन मोटार बसते, हे मात्र त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले होते. हवा वेगळी आणि धूळ वेगळी, या हिशेबात त्यांना कुठे खोट दिसली नाही. ते शिडीवर चढलेले खळ्यावरच्या सगळ्यांनी रोज पाहिले, पण झाकणकाकांनी काहीतरी झाकले यात बघण्यासारखे काय होते? हंगाम संपला आणि काकांनी पिशवी घडी घालून कपाटात ठेवली. पेटी एकदाही बंद पडली नाही याचे त्यांना समाधान होते.

पेरणीच्या आधी हवा तपासणी कार्यालयाचा निकाल आला. खळ्याची हवा चांगली. नुसती चांगली नाही, उत्तम. कुंपणाला लावायला एक हिरवी पाटीही पाठवली होती. अध्यक्षांनी सगळ्यांना चहा दिला आणि ट्रॅक्टरवाल्याने पाटी ठोकायला स्वतःचा हातोडा आणला. पलीकडच्या खळ्याची हवा वाईट निघाली होती, त्यांना धूळ ओढणारे यंत्र मंजूर झाले.

धाकट्याने ते ऐकले, खोकला येऊन गेल्यावर तोंड पुसले आणि म्हणाला, "चांगलं झालं. लोकांची कटकट गेली." मग तो घरी गेला. त्याची बायको रात्रीच्या जेवणाची भांडी परत न्यायच्या निमित्ताने काकांच्या घरी आली आणि दारातच थांबली. "दादा, त्यांना तुम्ही सांगा. माझं ऐकत नाहीत. पुढच्या हंगामाला मशीनवर उभे राहिले तर मी काय करू?" एवढे बोलून ती भांडी न घेताच परत फिरली.

काका पाटावर बसले, पण त्यांचे जेवणात लक्ष नव्हते. "असं कसं निघालं?" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "हवा वाईट आहे, आंधळ्यालाही कळेल. पेटी बिघडली म्हणावी, तर तिचा दिवा एकदाही विझला नाही. मी जातीने लक्ष दिलं."

बायको कांदा चिरत होती. तिचा हात थांबला. "अहो, तुम्ही तिला रोज पिशवी घालत होतात ना?"

"हो. म्हणूनच तर चालली."

"मग तिने मोजलं काय? पिशवी?"

काकांनी घास ताटात ठेवला. मग उठले, हात धुतले आणि कपाटातून पिशवी काढून दिव्याखाली धरली. बाहेरची बाजू मातकट झाली होती. आतली बाजू शिवली त्या दिवशी होती तशीच पांढरी होती. जी धूळ पेटीने मोजायची ती सगळी कापडाने अडवून धरली होती. बायकोने पुढचा कांदा घेतला. "कापड चांगलं निघालं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काकांनी अध्यक्षांना बाजूला घेऊन सगळे सांगितले. अध्यक्षांनी आधी ऐकून घेतले, मग इकडेतिकडे बघितले आणि मग काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, तुम्हाला आम्ही आजवर ओळखलंच नाही."

"मी मुद्दाम नाही केलं."

"अहो, कळलं. मुद्दाम कुणीच काही करत नसतं." अध्यक्षांनी डोळा मिचकावला. "हे आता आपल्या दोघांत राहू दे."

दोघांत ते दुपारपर्यंत राहिले. संध्याकाळी बाकावर ट्रॅक्टरवाल्याने उठून काकांना जागा दिली, जी त्याने आजवर कुणालाच दिली नव्हती. "काय डोकं चालवलंत काका. आम्ही नुसते ओरडत बसलो आणि तुम्ही गुपचूप सरकारलाच टोपी घातलीत."

"पेटी खराब होऊ नये म्हणून झाकली होती," काका म्हणाले.

"बरोबर, बरोबर. कुणी विचारलं तर हेच सांगायचं."

काकांना आयुष्यात कधी मिळाला नव्हता इतका मान त्या आठवड्यात मिळाला. तो त्यांच्या अंगावर दुसऱ्याच्या कोटासारखा बसला. ते लबाड आहेत असे समजूनच लोक त्यांचे कौतुक करत होते, आणि खरे सांगावे तर त्यांचा विनय आणखी वाखाणला जात होता. घरी धाकटा म्हणाला, "दादा, आता गप्प बस. कार्यालयात बोभाटा केलास तर सगळे तुझ्यावर उलटतील. माझं मी बघतो."

"काय बघणार आहेस?"

"तोंडाला फडकं बांधीन."

हे बोलतानाच त्याला खोकल्याची उबळ आली, आणि ती थांबेपर्यंत काकांचा निर्णय झाला होता.

ते पिशवी घडी घालून बसने शहरात हवा तपासणी कार्यालयात गेले. मॅडमच्या टेबलावर कागदांचे ढीग होते आणि खिडकीबाहेर रस्त्याचे काम चालू होते, त्याची धूळ थेट आत येत होती. काकांनी पिशवी टेबलावर पसरली. तिच्यातून खळ्याच्या हंगामाचा थोडा अंश कागदांवर सांडला. त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मॅडमचा चेहरा कडक होत गेला.

"कुणाच्या सांगण्यावरून केलंत?"

"कुणाच्या नाही."

"अध्यक्षांच्या?"

"त्यांना माहीतही नव्हतं."

"काका, मी बरीच खळी बघितली आहेत. पेटीच्या अवतीभवती पाणी मारतात. नळीवर फांद्या बांधतात. एकाने मागून पंखा लावला होता. पकडले गेले की प्रत्येक जण म्हणतो, आम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही तरी वेगळं काही सांगा."

काकांना वेगळे सांगता येईना. मग ते म्हणाले, "मी टेलिफोनलाही घालतो."

"काय घालता?"

"पांघरूण. काट्यालाही घालतो. मोटारीला टोपी आहे. आपण या, दाखवतो. मला वाटलं, पेटी बंद पडली तर धाकट्याचं यंत्र जाईल. तो मळणीवर आहे. त्याच्या छातीत धूळ बसलीय."

मॅडमनी पिशवी उलटसुलट करून बघितली. दुहेरी शिवणीवरून बोट फिरवले. "हंगामाचे आकडे आले तेव्हा मलाही चमत्कारिक वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "मळणीच्या दिवसांत तुमच्या खळ्याची हवा डोंगराच्या माथ्यावरच्या हवेपेक्षा शुद्ध. पण वर्षाची सरासरी काढून निकाल लागतो आणि सरासरीत सगळं बुडून जातं. मी तेव्हाच येऊन बघायला हवं होतं." त्यांनी पिशवी घडी घालून परत दिली. "निकाल रद्द करावा लागेल. पाटी काढावी लागेल. नवी मोजणी पुढच्या हंगामात, आणि तोवर खळं वाईट हवेच्या नियमात धरलं जाईल."

"आणि यंत्र?"

"मोजणीशिवाय यंत्र देता येत नाही. आकडे हवेत."

"पण मग अजून एक हंगाम तसाच जाणार. धाकटा मशीनवर उभा राहणार नाही, मी राहू देणार नाही."

"तुमचं म्हणणं बरोबर आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पण मळणी झालीच नाही, तर पेटी मोजणार काय?"

पाटी निघाली त्या संध्याकाळी सोसायटीची सभा भरली. बाकावर काकांना कुणी जागा दिली नाही. अध्यक्ष म्हणाले की सगळ्यांची सोय झाली होती, ती एका माणसाने घालवली. आता भुसा गाडीत भरून न्या, वाऱ्याची परवानगी काढा, आणि हे सगळे कशासाठी, तर यांना खरे बोलायची हौस. एकाने काकांना खळ्यावरून काढावे असे सुचवले. मग त्यांच्या जागी कोण येणार असा प्रश्न निघाला, आणि ज्याच्याकडे बघावे तो दुसरीकडे बघू लागला. हंगामात दिवसभर खळ्यावर उभे राहायला कुणीच तयार नव्हते.

"का रे, धूळ लागते का?" मळेवाली मावशीने मागून विचारले. काका नोकरीवर राहिले.

धाकट्याने मात्र अबोला धरला. तो मोडला तो भांडायलाच. "मला न विचारता गेलास."

"विचारलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

"नाही."

"म्हणून नाही विचारलं."

"आणि हंगामाला मशीनवर कोण, तू?" धाकट्याने हे टोमणा म्हणून विचारले होते. काका "हो" म्हणाले. धाकट्याला हसू आले, हसण्यातून खोकला आला, आणि दोन्ही आवरल्यावर त्याने थोरल्या भावाकडे नीट बघितले. "दादा, तुला यंत्राचं झाकण सोडून काही माहीत नाही."

"तू सांग. तू लांब बस आणि सांग."

पुढच्या हंगामात खळ्यावर असे दृश्य दिसू लागले. ज्या बाजूने वारा येई त्या बाजूला, धुळीपासून दूर, धाकटा खुर्चीवर बसलेला. यंत्राच्या तोंडाशी काका, नाकातोंडाला फडके बांधून. वर खांबावर पेटी उघडी, आता लोखंडी जाळीत कुलूपबंद. यंत्राच्या आवाजात बोलणे ऐकू येत नसे, म्हणून धाकटा हाताने खुणा करी. तळहात खाली म्हणजे हळू, बोटे आपल्याकडे म्हणजे घाल आणखी. पहिल्याच सकाळी काकांनी पेंढी आडवी सारली आणि यंत्र घुसमटून बंद पडले. धाकट्याने दोन्ही हातांनी डोके धरले. ही खूण कुणाला समजावून सांगावी लागली नाही. ट्रॅक्टरवाला रांगेत उभा होता. तो म्हणाला, "काका, घाई नको. आम्ही पुढच्या हंगामापर्यंत थांबू."

काका शिकले, पण मशीनवरचा माणूस काही झाले नाहीत. धाकटा अर्ध्या वेळात करायचा ते काम त्यांना पुरा दिवस लागे. रांगा वाढल्या, कुरकूर वाढली. एकदोघे आपला गहू पलीकडच्या खळ्यावर घेऊन गेले आणि परत येऊन सांगू लागले की तिथे धूळ ओढणारे यंत्र भुसा गिळते आणि माणसाचे तोंड ओळखू येते. अध्यक्षांनी हे ऐकले न ऐकल्यासारखे केले. संध्याकाळी काका घरी येत तेव्हा त्यांच्या पापण्या भुशाच्या रंगाच्या असत. धूळ झटकली की जाते हे आपले मत त्यांनी त्या हंगामात मुकाट्याने सोडून दिले. बायको अंगणातच त्यांच्यावर बादली ओती आणि म्हणे, "आता तुम्हालाच शिवून देते एक पिशवी. तळ मोकळा ठेवते."

हंगाम संपल्यावर काकांना महिनाभर खोकला होता. धाकट्याचा मात्र बराच उतरला. पूर्ण गेला नाही. डॉक्टरांनी पुन्हा पाठीला नळी लावली आणि म्हणाले की जे आत बसले ते बसले, पण आता नवीन जाऊ देऊ नका. धूळ नसेल तर काम करायला हरकत नाही.

निकाल आला. आसपासच्या सगळ्या खळ्यांत यांची हवा सर्वांत वाईट. तो वाचून दाखवताना अध्यक्षांना ठसका लागला आणि सभा गंभीर असतानाही लोक हसले. भुसा पेटवायची बंदी कायम झाली. अध्यक्ष आजही म्हणतात की ट्रकवाल्यांना कुणी विचारत नाही, आणि ते त्यांचे म्हणणे आजही खरे आहे. भुसा मात्र आता जनावरांवाले येऊन घेऊन जातात, आणि याचे श्रेय अध्यक्ष स्वतःकडे घेतात. काकांनी हरकत घेतलेली नाही.

धूळ ओढणारे यंत्र पुढच्या हंगामाच्या तोंडावर आले. जाड नळ्यांचे, उंच पिंपासारखे, त्याला खाली पोती बांधायची. ते जोडून झाले त्या दिवशी धाकटा सकाळीच खळ्यावर आला. मळणीयंत्राभोवती एक फेरी मारली, पट्टा चाचपला, आणि आपल्या जुन्या जागी जाऊन उभा राहिला. काकांनी दोन्ही यंत्रे सुरू केली. भुशाचा लोट एकदा उसळला आणि नळीकडे वळून दिसेनासा झाला. रांगेतल्यांना धाकट्याचा चेहरा स्पष्ट दिसत होता, आणि तो चेहरा खूष नव्हता.

त्याने पहिली पेंढी सारली, मान कलती करून ऐकले, पुन्हा ऐकले. मग डावा तळहात मळणीयंत्राच्या पत्र्यावर ठेवला आणि डोळे मिटून थोडा वेळ तसाच उभा राहिला. यंत्र आत कसे चालले आहे ते त्याला आता कानाऐवजी हाताने शोधावे लागत होते.

काका जवळ गेले. त्यांना ओरडूनच विचारावे लागले. "कसं वाटतंय?"

"आवाज फार करतंय हे," धाकटा म्हणाला. "मशीन ऐकूच येत नाही."

"बंद करू?"

धाकट्याने पत्र्यावरचा हात थोडा खाली सरकवला. तिथे त्याला हवे होते ते सापडले असावे. "राहू दे," तो म्हणाला, आणि उजव्या हाताने पुढची पेंढी घेतली.